मराठवाड्यातील अभिनेत्रीचे चरित्र कसे लिहावे : रंगमंचापासून मालिकांपर्यंतच्या कामाची नोंद

नाटक आणि मालिका अशा दोन्ही माध्यमांत काम केलेल्या अभिनेत्रीवर गौरव अंकासाठी, शोधनिबंधासाठी किंवा ज्ञानकोशातील नोंदीसाठी लिहायचे ठरले, की बहुतेक लेखक त्यांच्या सर्वांत गाजलेल्या मालिकेपासून सुरुवात करतात. मराठवाड्यातून पुढे आलेल्या अभिनेत्रीच्या बाबतीत तरी हा क्रम सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईला गेल्यानंतरचे काम वर्तमानपत्रांत, जाहिरातींत, चित्रफितींत कुठे ना कुठे सापडते. परंतु त्याआधीची जी वर्षे महाविद्यालयाच्या एकांकिकांत, विद्यापीठाच्या युवक महोत्सवात आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत गेली, त्यांची नोंद कुणाच्या तरी घरातील ट्रंकेत आणि त्या वेळच्या सहकलाकारांच्या स्मरणात असते. ही माणसे आता वयस्कर झाली आहेत. म्हणून कामाला सुरुवात तिथूनच करावी.

प्रतीक्षा लोणकर यांचे उदाहरण घेऊ. घराघरांत त्यांची ओळख झाली ती दूरदर्शनवरील ‘दामिनी’ या दैनंदिन मालिकेमुळे, आणि पुढे २००५ च्या ‘इक्बाल’ या हिंदी चित्रपटातील आईच्या भूमिकेमुळे. परंतु त्या मुळात औरंगाबादच्या रंगभूमीवरच्या कलावंत. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत्यांनी ज्या शहरात ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था उभी केली, त्याच शहरात त्यांचीही घडण झाली. ‘दामिनी’पासून सुरू होणारा लेख हा सगळा काळ एका वाक्यात उरकून टाकतो आणि वाचकाला वाटते, की अभिनेत्री थेट पडद्यावरच अवतरली.

लेखाचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी कामांची सूची तयार करावी. वही असो वा संगणकावरील तक्ता, त्यात नाटकाचे किंवा मालिकेचे नाव, लेखक, दिग्दर्शक, निर्मिती संस्था, भूमिकेचे नाव, स्थळ, तारीख आणि ही माहिती कशावरून घेतली, असे रकाने असावेत. नाटकासाठी आणखी दोन रकाने हवेत : नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग कधी झाला आणि या अभिनेत्रीचा त्या नाटकातील पहिला प्रयोग कधी झाला. व्यावसायिक नाटकात कलाकार बदलतात, एखादी भूमिका दोघी-तिघींनी केलेली असते, आणि पंचवीस वर्षांनी सगळ्याच जणी मूळ संचातल्या म्हणून सांगितल्या जातात. ‘चारचौघी’ १९९१ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा त्यात वंदना गुप्ते, दीपा श्रीराम, आसावरी जोशी आणि प्रतीक्षा लोणकर होत्या. २०२२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनीच ते पुन्हा बसवले तेव्हा रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे होत्या. ‘चारचौघीत काम केले’ एवढेच लिहिले, तर दोन पिढ्यांचे काम एकमेकांत मिसळते.

पुरावे कुठे शोधायचे, याचे उत्तर कामाच्या प्रकारावर अवलंबून आहे. हौशी नाटकांसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेचे निकाल, अभिनयाच्या रौप्यपदकाची किंवा गुणवत्ता प्रमाणपत्राची प्रत, महाविद्यालयांची वार्षिक नियतकालिके आणि विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने केलेल्या प्रयोगांच्या हस्तपत्रिका उपयोगी पडतात. वर्तमानपत्रांत अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’चे जुने अंक आणि १९८२ पासून औरंगाबादेतून निघू लागलेल्या ‘लोकमत’चे अंक चाळावेत, बातमी मिळाली नाही तरी नाटकाच्या जाहिरातींचा रकाना सोडू नये. व्यावसायिक नाटकांच्या बाबतीत संस्थेच्या सूत्रधाराकडे किंवा व्यवस्थापकाकडे प्रयोगांची वही असू शकते. त्या वहीत प्रयोगाचा क्रमांक, गाव, नाट्यगृह आणि ठेकेदार यांची नोंद असते, आणि कलाकारांना ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, दिल्याची नोंद असेल तर कोणत्या रात्री कोण उभे राहिले, हेही कळते. अशी एक वही मिळाली, तर दहा मुलाखतींपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

हस्तपत्रिका हाती आली, की तिच्यावर बहुधा वार आणि तारीख असते, वर्ष नसते. येथे घाईने अंदाज बांधू नये, कारण कागदच वर्ष सांगत असतो. समजा, पत्रिकेवर ‘शनिवार, दि. १४ जानेवारी, रात्री ९.३०’ एवढेच छापले आहे. अभिनेत्रीच्या उमेदवारीच्या काळात, म्हणजे १९७५ ते १९९५ या वर्षांत, १४ जानेवारीला शनिवार फक्त चार वेळा आला : १९७८, १९८४, १९८९ आणि १९९५. आता तोच कागद पुन्हा वाचावा. सादरकर्त्या विभागासमोर नुसते ‘मराठवाडा विद्यापीठ’ आहे, की ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’? नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, त्यामुळे पूर्ण नाव छापलेले असेल तर चारपैकी केवळ १९९५ उरते. नुसते जुने नाव असेल तर आधीच्या तीन वर्षांचा विचार करावा आणि जिल्ह्याचे नाव पाहावे. उदगीरच्या प्रयोगाच्या पत्रिकेवर ‘जि. उस्मानाबाद’ असेल, तर ती लातूर जिल्हा स्वतंत्र होण्याच्या, म्हणजे ऑगस्ट १९८२ च्या आधीची. म्हणजे १९७८ चीच. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झाला आणि हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून. या तारखाही अशाच कामी येतात. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १९७२ नंतरचा. अंबाजोगाईऐवजी मोमिनाबाद असेल तर तो कागद बराच जुना आहे, हे उघडच आहे. या रीतीने काढलेले वर्ष सूचीत लिहिताना ‘अनुमानाने’ असा शेरा द्यावा आणि अनुमान कशावरून केले, तेही एका ओळीत नोंदवावे.

गावांची नावे लिहिताना त्या काळी जे नाव होते ते ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी आजचे नाव द्यावे. १९८५ चा प्रयोग औरंगाबादला झाला आणि ते शहर आज छत्रपती संभाजीनगर आहे, एवढे एकदा सांगितले म्हणजे पुरे. वाहिन्यांचेही तसेच आहे. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘सह्याद्री’ हे नाव कितीतरी नंतरचे. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘अल्फा मराठी’ २००५ मध्ये ‘झी मराठी’ झाली आणि २००० मध्ये सुरू झालेली ‘ई टीव्ही मराठी’ २०१५ मध्ये ‘कलर्स मराठी’ झाली. म्हणून एखाद्या अभिनेत्रीने २००२ मध्ये झी मराठीवर काम केले, असे वाक्य दिसले तर ते तपासूनच घ्यावे.

मालिकांची नोंद करताना मालिकेचे आयुष्य आणि भूमिकेचे आयुष्य वेगळे ठेवावे. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली, पण तिच्यात आलेल्या प्रत्येक कलावंताने तितके भाग केले, असे नाही. भूमिका लीडची होती, की मधल्या एखाद्या ट्रॅकपुरती. महिन्याला किती दिवसांचे चित्रीकरण असे. मानधन ‘पर डे’ होते का. त्या काळात नाटकाचे दौरे चालू होते, की थांबवावे लागले, हे प्रश्न जरूर विचारावेत. रकमेचा आकडा मागण्याची गरज नाही. शनिवार-रविवारचे प्रयोग आणि आठवडाभराचे चित्रीकरण यांची सांगड कशी घातली, हे कळले म्हणजे कारकिर्दीतील एखादे वळण का आले, ते आपोआप उलगडते. एखाद्या नाटकातून त्या का बाहेर पडल्या, याचे कारण कित्येकदा भांडण नसते, तारखा असतात.

स्त्री कलावंताच्या बाबतीत नावाचा घोळ हमखास होतो, आणि तो सोडवल्याशिवाय सूची पूर्ण होत नाही. ज्योत्स्ना भोळे या माहेरच्या दुर्गा केळेकर, विजया मेहता या माहेरच्या जयवंत, रोहिणी हट्टंगडी या माहेरच्या ओक. लग्नाआधीच्या स्पर्धेचा निकाल माहेरच्या नावाने, लग्नानंतरचा सासरच्या नावाने, आणि पडद्यावर तिसरेच नाव असू शकते. सर्व नावे एका ठिकाणी लिहून घ्यावीत आणि वर्तमानपत्रे चाळताना प्रत्येक नावाने शोधावे. जन्मतारखेचीही खातरजमा करावी. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहून टाकलेल्या माणसांची एक मोठी पिढी आहे. निर्गम उताऱ्यावर १ जून दिसली, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय ती पक्की मानू नये.

एवढी तयारी झाल्यावरच मुलाखतीला जावे. ‘ताई, तुमचा प्रवास सांगा’ असे म्हटले, की जे उत्तर मिळते ते यापूर्वी अनेकांना दिलेले असते. त्याऐवजी एखादी हस्तपत्रिका किंवा तालमीचा फोटो त्यांच्यासमोर ठेवावा आणि लहान प्रश्न विचारावेत : फोटोत डावीकडे कोण उभे आहे? तालीम कुठे व्हायची? लुगडे कुणाच्या घरून आणले होते? माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, तालीम संपल्यावर रात्री घरी सोडायला कोण यायचे? परभणीत, बीडमध्ये किंवा नांदेडला त्या काळी मुलीने नाटकात काम करणे हे या एका प्रश्नावर अडत असे. कुणाचा भाऊ सायकल घेऊन बाहेर थांबलेला असे, कुणाला दिग्दर्शकाची पत्नी सोबत करत असे, कुणाचे वडील पहिल्या प्रयोगापर्यंत बोलत नसत आणि नंतर पहिल्या रांगेत येऊन बसत. एसटीने परगावच्या स्पर्धेला जायचे तर आईची परवानगी कोणी मिळवली, हे विचारले की घर, गल्ली, महाविद्यालय आणि नाट्यसंस्था यांचे सगळे चित्र उभे राहते. पडद्यामागच्या या माणसांची नावे कोणत्याच श्रेयनामावलीत नसतात. ती मिळाली तर, त्यांची संमती घेऊन, लेखात अवश्य द्यावीत.

बोलीकडेही लक्ष असावे. मुंबईत आल्यावर ‘लई’, ‘कामून’, ‘करायलाव’ ही भाषा बोलण्यातून काढून टाकावी लागली का, आणि पुढे एखाद्या भूमिकेसाठी तीच परत मागितली गेली का, हे विचारून पाहावे. त्यांनी गावाकडच्या बोलीत काही सांगितले तर ते तसेच उतरवावे, प्रमाण भाषेत घासून घेऊ नये. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि उतारा झाल्यावर तो त्यांना वाचून दाखवावा. एखादी आठवण छापू नका असे त्यांनी सांगितले तर ती गाळावी, यावर वाद घालू नये. कागद मात्र आठवणीच्या विरुद्ध जात असेल, तर दोन्ही गोष्टी त्यांच्यासमोर ठेवाव्यात. बहुतेक वेळा कागद पाहिल्यावर आणखी काहीतरी आठवते आणि गुंता सुटतो.

खासगी आयुष्य किती लिहावे, याबद्दल माझा निकष साधा आहे : ज्या घटनेने कामावर परिणाम झाला ती लिहावी, बाकीची त्यांची स्वतःची आहे. बाळंतपणामुळे तीन वर्षे रंगमंचापासून दूर राहावे लागले, हे कारकिर्दीचा भाग आहे, आणि दौऱ्यावर असताना मूल कुणी सांभाळले हेही त्यातच येते. नात्यांविषयीच्या ऐकीव गोष्टींचा मात्र लेखाशी संबंध नाही. पुरुष नटाच्या लेखात जो प्रश्न आपण विचारला नसता, तो येथेही विचारू नये.

प्रत्यक्ष लिहिताना ‘अष्टपैलू’, ‘गुणी’, ‘हरहुन्नरी’ या विशेषणांना शक्यतो जागा देऊ नये. त्याऐवजी एखादी भूमिका जवळून दाखवावी : कोणत्या प्रसंगात त्या काय करत, प्रेक्षक कुठे शांत होत, समीक्षकाने त्या आठवड्यात काय लिहिले होते. मजकुरात सर्वनाम ‘त्या’ ठेवावे. बालपणाच्या परिच्छेदात ‘ती’ आणि यश मिळाल्यावर ‘त्या’ असा बदल अनेक लेखांत दिसतो. तो मला खटकतो, कारण मान हा प्रसिद्धीनंतर द्यायचा नसतो.

छायाचित्रे वापरताना छायाचित्रकाराचे नाव शोधून त्यांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी. भारतीय कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, आणि फोटो अभिनेत्रीच्या संग्रहात आहे म्हणून तो मुक्त होत नाही. मूळ कागद घरी घेऊन जाऊ नयेत. जागेवरच चांगल्या उजेडात त्यांचे फोटो काढावेत, पाठची बाजूही टिपावी, कारण तारीख आणि नावे पुष्कळदा मागे पेन्सिलीने लिहिलेली असतात.

लेख छापून आल्यावर सूचीची एक स्वच्छ प्रत कलावंताच्या कुटुंबाकडे, एक विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाकडे आणि एक मराठवाडा साहित्य परिषदेसारख्या संस्थेच्या ग्रंथालयाकडे द्यावी. प्रत्येक नोंदीपुढे मूळ कागद सध्या कुणाकडे आहे ते लिहावे, आणि जे रकाने रिकामे राहिले ते तसेच रिकामे ठेवावेत, म्हणजे पुढे शोध घेणाऱ्याला नेमके कुठे पाहायचे ते कळेल.