ब्रिटनमध्ये साइटवर काम करायचंय? सीएससीएस कार्डाची तयारीची यादी

ब्रिटनमध्ये बांधकामाच्या साइटवर काम शोधायला निघालात की एजन्सीचा पहिला प्रश्न ठरलेला: सीएससीएस कार्ड आहे का? सीएससीएस म्हणजे कन्स्ट्रक्शन स्किल्स सर्टिफिकेशन स्कीम: साइटवरच्या माणसाकडे त्याच्या कामाची पात्रता आणि सुरक्षिततेची माहिती आहे हे दाखवणाऱ्या कार्डांची योजना. ती १९९५ पासून चालू आहे. कायद्याने हे कार्ड सक्तीचं नाही, हे खरं. पण मोठे ठेकेदार आणि घरं बांधणाऱ्या मोठ्या कंपन्या कार्डाशिवाय गेटच्या आत घेत नाहीत, आणि गेटवरच्या माणसाशी कायद्यावरून हुज्जत घालून कुणी आत गेल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा तयारीला लागा. फक्त सुरुवात कार्डासाठी लागणारी आरोग्य-सुरक्षिततेची टेस्ट बुक करण्यापासून करू नका. बरेच जण तिथूनच करतात आणि भलतीच टेस्ट देऊन बसतात.

आधी रंग ठरवा. सीएससीएस हे एक कार्ड नाही, कार्डांचं कुटुंब आहे. तुमच्याकडे कोणती पात्रता आहे आणि साइटवर तुम्ही काय करणार, यावर रंग ठरतो. मजुरीच्या कामाला हिरवं लेबरर कार्ड लागतं. गवंडी, सुतार, गिलावा करणारे अशा कारागिरांना लेव्हल २ चं एनव्हीक्यू (प्रत्यक्ष कामातलं कौशल्य तपासून मिळणारी इथली पात्रता) असेल तर निळं, लेव्हल ३ असेल तर सोनेरी. सुपरवायझरचंही सोनेरीच, मॅनेजरचं काळं. पांढऱ्या रंगात दोन प्रकार आहेत: बांधकामाशी संबंधित पदवी किंवा पदविका असणाऱ्यांचं एक, आणि आयसीई, आरआयसीएस, सीआयओबी अशा इंजिनिअर, सर्व्हेअर, बांधकामवाल्यांच्या संस्थांचं सभासदत्व मिळवलेल्या व्यावसायिकांचं दुसरं. लाल कार्ड शिकाऊंसाठी असतं, म्हणजे अभ्यासक्रमाला नाव घातलंय पण अजून पूर्ण झालेला नाही अशांसाठी.

सिव्हिलची पदवी घेऊन आलेल्या मुलांना इथे कुणीतरी हमखास सांगतं, ‘हिरवं काढून टाक, पटकन मिळतं.’ शिकताना शनिवार-रविवार मजुरी करून खर्च भागवायचा असेल तर हा सल्ला बरोबर आहे. पण साइट इंजिनिअर किंवा क्वांटिटी सर्व्हेअरची नोकरी शोधत असाल तर हिरव्याचे पैसे वाया जातील. तुमचं कार्ड पांढरं, त्याची टेस्टही वेगळी. उलट, पांढरं कार्ड गळ्यात घालून फावडं हातात घेतलंत तरी प्रश्न येणारच.

काही कामांची कार्डं सीएससीएसच्या भागीदार योजनांकडून मिळतात. इलेक्ट्रिशियन असाल तर ईसीएस. परांची बांधत असाल तर सीआयएसआरएस. जेसीबी, क्रेन, डंपर चालवायचं असेल तर सीपीसीएस किंवा एनपीओआरएस. गावाकडे दहा वर्षं जेसीबी चालवल्याचा अनुभव इथे शिकायला उपयोगी पडेल, कार्ड मिळवायला नाही. इथली परीक्षा द्यावीच लागते.

रंग ठरला की कागदांकडे वळा, आणि त्यातही आधी नावाकडे. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, इथल्या कॉम्प्युटरला वाटतं. टेस्ट बुक करताना पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव टाका, मधलं नाव गाळू नका, आणि कार्डाच्या अर्जातही तेच ठेवा. टेस्टची नोंद एका नावाने आणि अर्ज दुसऱ्या नावाने झाला तर दोन्हींची जुळणी होत नाही आणि मग ईमेलांचा पाठपुरावा सुरू होतो. नाव बदललेलं असेल तर विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत हाताशी ठेवा. ते मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या.

पांढरं कार्ड हवं असेल तर भारतीय पदवी थेट चालत नाही. यूके एनिक या संस्थेकडून तुलनापत्र घ्यावं लागतं: तुमची पदवी इथल्या कोणत्या पातळीच्या बरोबरीची आहे, ते सांगणारं. २०२१ पर्यंत या संस्थेचं नाव नॅरिक होतं, त्यामुळे जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच येतं. यासाठी गुणपत्रिका आणि मूळ पदवी प्रमाणपत्र दोन्ही जवळ हवीत. इथे आपली मंडळी हटकून अडकतात. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, हंगामी प्रमाणपत्र मिळालं, नोकरी लागली. पदवीदानाचा अर्ज भरायचा राहून गेला. मग लेस्टरमध्ये बसून पुण्या-मुंबईच्या विद्यापीठाशी पत्रव्यवहार करायचा. तुम्ही अजून भारतातच असाल तर या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच: पदवी प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय विमानात बसू नका.

हिरव्या कार्डाला पदवी नको, पण बांधकामावरच्या आरोग्य आणि सुरक्षिततेचं लेव्हल १ प्रमाणपत्र लागतं. खासगी ट्रेनिंग सेंटरं हा कोर्स घेतात. तो बहुधा एका दिवसात उरकतो आणि शेवटी एक छोटी परीक्षा असते. स्कॉटलंडमध्ये प्रमाणपत्राचे प्रकार थोडे वेगळे आहेत, तिथे राहत असाल तर तिथली यादी पाहा. सेंटर निवडताना फक्त स्वस्त किती आहे ते बघू नका. ‘तुम्ही फक्त या, पास आम्ही करतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. २०१५ मध्ये बीबीसीच्या न्यूजनाइट कार्यक्रमाने अशाच सेंटरांमधली कॉपी उघड केली होती, आणि तेव्हापासून तपासणी कडक आहे. लबाडीने मिळवलेलं प्रमाणपत्र रद्द झालं की कार्डही जातं.

आता टेस्ट. ती सीआयटीबी ही बांधकाम उद्योगाची प्रशिक्षण संस्था घेते, पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरांत, कॉम्प्युटरवर. मजूर आणि कारागिरांसाठी ऑपरेटिव्हज नावाची, पांढऱ्या आणि काळ्या कार्डासाठी मॅनेजर्स अँड प्रोफेशनल्स नावाची. ५० प्रश्न, ४५ मिनिटं. फी वीस पौंडांच्या थोडी वर. पास व्हायला जवळपास नव्वद टक्के लागतात, त्यामुळे ‘कॉमन सेन्सचे प्रश्न आहेत’ या भरवशावर जाऊ नका. उत्तरं इथल्या पद्धतीची हवी असतात. समजा प्रश्न असा आहे: परांचीचा एक कठडा निखळलेला दिसला, काय कराल? आपला हात लगेच तो बसवायला जातो. बरोबर उत्तर आहे, काम थांबवायचं, परांचीवर कुणाला जाऊ द्यायचं नाही आणि सुपरवायझरला सांगायचं. ज्याने ती बांधायचं प्रशिक्षण घेतलंय त्यानेच तिला हात लावायचा. ही एक सवय अंगी बाणवली तर निम्मे प्रश्न सुटतात.

उरलेल्यांसाठी पाठांतर हवंच. फलकांचे रंग: निळा म्हणजे करायलाच हवं, लाल गोल म्हणजे मनाई, पिवळा धोक्याचा, हिरवा सुरक्षित मार्गाचा किंवा प्रथमोपचाराचा. अग्निशामक नळकांड्यांवरचे पट्टे: मलई रंगाचा पट्टा फोमचा, काळा कार्बन डायऑक्साइडचा, निळा पावडरचा, आणि पूर्ण लाल असेल तर पाणी. विजेच्या उपकरणांवर पाणी मारायचं नाही, काळा पट्टा शोधायचा. शिडी टेकवताना चार मापं उंचीला एक माप बाहेर. साइटवरची हातातली यंत्रं ११० व्होल्टवर चालतात आणि त्यांचे प्लग पिवळे असतात. घरचं २३० व्होल्टचं ड्रिल तिथे चालत नाही.

अॅसबेस्टॉसवर मात्र जास्त वेळ घालवा. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली, पण २००० पूर्वी बांधलेल्या कुठल्याही इमारतीत ते सापडू शकतं, म्हणून दुरुस्तीच्या कामांवर त्याची धास्ती असते. आपल्यातले कित्येक जण सिमेंटच्या पत्र्याच्या छपराखाली वाढले, फुटका पत्रा हाताने उचलून बाजूला टाकला. ते पत्रे बहुतेक अॅसबेस्टॉसचेच. इथे तसा तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, झाडायचा नाही, काम थांबवून सांगायचं. टेस्टपुरतं नव्हे, फुप्फुसांसाठी.

तयारीला सीआयटीबीची सरावाची पुस्तकं आणि अॅप आहेत. प्रश्न मराठीत मिळत नाहीत, त्यामुळे इंग्रजी कच्चं असेल तर सरावप्रश्न मोठ्याने वाचा आणि साइटवरचे शब्द वेगळे लिहून ठेवा. टेस्टच्या दिवशी मूळ ओळखपत्र न्या. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. पासपोर्ट सगळ्यात सरळ. पास झाल्याचा कागद जपून ठेवा, त्यावरचा नंबर अर्जात लागतो. हा निकाल कार्डाच्या अर्जासाठी दोन वर्षं चालतो, म्हणून एनिकचं पत्र किंवा कोर्स बराच लांबणार असेल तर टेस्ट घाईने देऊ नका.

अर्ज सीएससीएसच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर करा. कार्डाची फी ३६ पौंड. गुगलवर शोधलं की वर येणारे बरेच दुवे दलालांचे असतात. दिसायला सरकारी, फी दुप्पट-तिप्पट, आणि काम तेच फॉर्म भरण्याचं. व्हॉट्सअॅपवर ‘टेस्टशिवाय कार्ड’ विकणारेही भेटतील. बनावट कार्ड साइटवर कार्डं तपासायच्या स्मार्ट चेक अॅपवर टेकवलं की तिथल्या तिथे उघडं पडतं.

कार्ड आलं म्हणजे काम करायचा हक्क आला असं नाही, आणि या मुद्द्याकडे विद्यार्थ्यांचं सर्रास दुर्लक्ष होतं. हक्क व्हिसाने मिळतो, आणि मालक तो तुमच्याकडून शेअर कोड (व्हिसाची सरकारी ऑनलाइन नोंद उघडणारा कोड) घेऊन तपासतो. पदवी आणि पदव्युत्तरच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, ही मर्यादा बहुतेकांना पाठ असते. दुसरी अट पाठ नसते: स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही. आणि बांधकामातल्या कितीतरी एजन्स्या मजुरांना पगारावर न ठेवता सीआयएस या बांधकामातल्या ठेकेदारांसाठीच्या करकपातीच्या पद्धतीने पैसे देतात, म्हणजे कागदोपत्री तुम्ही स्वतंत्र ठेकेदार. सीआयएसमध्ये नोंदणी असेल तर २० टक्के कर कापून, नसेल तर ३० टक्के. तास वीसच्या आत असले तरी व्हिसाची अट मोडलेली असते. म्हणून सही करण्यापूर्वी विचारा: पीएवायई (म्हणजे पगारी नोकरी, कर मालक पगारातून भरतो) आहे की सीआयएस? ‘सगळे असंच करतात’ असं उत्तर आलं तर दुसरी एजन्सी शोधा. डिपेंडंट किंवा ग्रॅज्युएट व्हिसावर असाल तर स्वयंरोजगाराची ही आडकाठी नाही.

पहिल्या दिवशीसाठी पोलादी टोकाचे, नाडीचे, घोटा झाकणारे बूट घ्या. नाडी नसलेले उंच रिगर बूट बऱ्याच साइटवर चालत नाहीत. हेल्मेट, चकचकीत जॅकेट, हातमोजे, चष्मा हे मालकाने फुकट द्यायचं असतं; १९७४ चा सुरक्षिततेचा कायदा त्याचे पैसे घ्यायला मनाई करतो. एजन्सीने पगारातून ‘किटचे’ कापले तर शांतपणे हे कलम दाखवा. सीआयएसवर मात्र बहुधा सगळं तुमचं तुम्हालाच आणावं लागतं.

मुदतीची तारीख कार्डावर असते. नूतनीकरणाला साधारणपणे ताजी टेस्ट लागते, आणि जवळच्या सेंटरात हवी ती तारीख मिळेलच असं नाही. फोनमध्ये मुदतीच्या तीन महिने आधीची आठवण लावून ठेवा. हिरव्यावरून निळ्यावर जायचं मनात असेल तर एनव्हीक्यूला लेखी परीक्षेपेक्षा प्रत्यक्ष कामाचा पुरावा लागतो. परवानगी घेऊन स्वतःच्या कामाचे फोटो काढत चला, कोणत्या सुपरवायझरच्या हाताखाली काय केलं ते तारखेसकट टिपून ठेवा, आणि साइट सोडण्याआधी त्याच्याकडून दोन ओळी सहीनिशी लिहून घ्या. नंतर तो कुठल्या साइटवर गेला ते शोधत बसावं लागतं.