जुना ब्लॉग दुरुस्त करताना थीमला हात शेवटी लावा

ब्लॉग सुधारायचा म्हटलं की पहिला हात थीमवर, म्हणजे ब्लॉगच्या दिसण्यावर जातो. रंग बदलतात, फॉन्ट बदलतो, दोन शनिवार-रविवार त्यात जातात आणि लेख होते तसेच राहतात. क्रम उलटा ठेवा.

आधी बॅकअप. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये लेखांचा मजकूर येतो, फोटो येत नाहीत. सर्व्हरवरचं, फोटो असलेलं अपलोड्स फोल्डर वेगळं उतरवून घ्यावं लागतं. हे बहुतेकांना फोटो गेल्यावरच कळतं.

मग एक स्प्रेडशीट करा, एका ओळीत एक लेख. रकाने: शीर्षक, पत्ता (यूआरएल), तारीख, गेल्या 12 महिन्यांतली इम्प्रेशन्स (लेख शोधनिकालात किती वेळा दिसला), क्लिक, निकालातलं सरासरी स्थान आणि निर्णय. आकडे गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनातून घ्या, तिथे 16 महिन्यांपर्यंतचे मिळतात. निर्णयाच्या रकान्यात चारच शब्द चालतील: ठेवा, सुधारा, जोडा, काढा. ‘बघू’ हा पाचवा शब्द आला की काम रखडलंच.

सुरुवात इम्प्रेशन्स भरपूर पण क्लिक नगण्य असलेल्या लेखांपासून करा. सरासरी स्थान 10च्या आत असेल तर दोष बहुधा शीर्षकाचा. ‘थोडंसं तांत्रिक, भाग 3’ यावरून आत काय आहे ते कुणाला कळणार? ‘सायकलची ट्यूब बदलल्यावर टायर रिमवर नीट का बसत नाही’ असं लिहा. स्थान 40च्या पुढे असेल तर मात्र शीर्षकाशी खेळून उपयोग नाही, मजकूरच तोकडा आहे. एकाच विषयावर तीन तुटपुंजे लेख असतील तर ते एकात जोडा.

मराठी ब्लॉगची खरी मेहनत पुढे आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकलेला सापडतो. एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण एडिटरमध्ये एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. कॉपी-पेस्टमध्ये तो अदृश्य जॉइनर गळला की शब्दाचा ‘दुसर्या’ होतो. जॉइनरवाली जोडी शोधून तिथे सरसकट ‘ऱ्’ घातलं तरी चालतं. ‘र्या’च्या जागी ‘ऱ्या’ मात्र सरसकट कधीच घालू नका. ‘पर्याय’चा ‘पऱ्याय’ आणि ‘मर्यादा’ची ‘मऱ्यादा’ होते. जॉइनर गळलेले शब्द एकेक बघूनच बदलायचे. शोधा-बदला फक्त लेखांच्या मजकुरावर चालवा. अख्ख्या डेटाबेसवर चालवू नका, कारण सेटिंग्जमध्ये मजकुरासोबत त्याची लांबीही नोंदलेली असते. ती जुळली नाही की विजेट (बाजूपट्टीतले छोटे भाग) गायब होतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टच्या काळातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात तर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं वाचून तपासा, गडबड तिथेच होते.

पत्त्यांचंही असंच. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत 3 बाइटचं असतं आणि पत्त्यात एन्कोड झाल्यावर (% चिन्हं आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलल्यावर) 9 अक्षरं खातं. ‘ब्लॉग’ या एवढ्याशा शब्दात ब, हलन्त, ल, ऑ-कार आणि ग अशी 5 चिन्हं आहेत, म्हणजे 45 अक्षरं. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला 200 अक्षरं देतं. काना-मात्रा धरून जेमतेम 22 चिन्हं बसतात आणि पुढचं शीर्षक मधेच कापलं जातं. नव्या लेखांना तीन-चार शब्दांचा रोमन पत्ता द्या. जुने पत्ते दिसायला वाईट म्हणून बदलू नका. लेख जोडल्यामुळे बदलावाच लागला तर 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) त्या विषयाच्या लेखावरच न्या. सगळं मुखपृष्ठावर वळवलं तर गूगल ते पान नसल्यासारखंच धरतं. काढलेल्या लेखाला पर्याय नसेल तर सरळ 404 (पान सापडलं नाही) किंवा 410 (पान काढलं आहे) हा कोड द्यावा, त्यात काही बिघडत नाही.

फोटो पटकन उरकतात. फोनमधला 4000 पिक्सेलचा फोटो 1600वर आणा आणि वेबपी या हलक्या फोटो फॉरमॅटमध्ये साठवा. 200 केबीच्या आत सहसा बसतो. फोटोचं वर्णन देणारा ऑल्ट मजकूर भरा. लेखाच्या माथ्यावरच्या फोटोला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच फोटो उतरवणं) नको, नाहीतर तोच सर्वात उशिरा उमटतो. घरी काढलेल्या फोटोंमधली जीपीएस माहिती आवर्जून पुसा, मूळ फाइलमध्ये ती तशीच राहिलेली असते.

तारीख बदलायची ती मजकूर खरोखर बदलला असेल तरच. वर ‘सुधारित’ असं लिहून महिना-वर्ष आणि काय बदललं याची एक ओळ द्या.

आता थीम. भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) योग्य आवाज निवडतो आणि सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, वाढवलं की शिरोरेखा तुटते. ओळींची उंची 1.7च्या आसपास हवी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

आठवड्याला 5 लेख पुरेत. प्रत्येक ओळीपुढे दुरुस्तीची तारीख टाका आणि तीन महिन्यांनी त्याच ओळींचे आकडे पुन्हा भरा. तोवर शीर्षकं पुन्हा चाळवू नका, कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.