छोट्या धंद्यासाठी ऑनलाइन पेमेंट: आधी काय बघायचं

वेबसाइट नसेल किंवा दिवसाला मोजक्याच ऑर्डरी येत असतील तर थेट पेमेंट लिंकने सुरुवात करा, बिल बनवलं की लिंक पाठवायची, गिऱ्हाईक तिथेच पैसे भरतं, डेव्हलपर लागत नाही. ऑर्डरी वाढल्या की मग गेटवे, म्हणजे गिऱ्हाईकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात पोचवणारी सेवा, वेबसाइटला जोडा, पण कार्ड नंबर टाकायचं पान गेटवे कंपनीचंच ठेवा, कारण कार्डाचा डेटा तुमच्या सर्व्हरवरून गेला की पीसीआय डीएसएसचे, म्हणजे कार्डाचा डेटा सुरक्षित ठेवण्याचे, नियम फारच कडक लागतात आणि छोट्या माणसाने ती जबाबदारी अंगावर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चार्जेस. सगळे टक्केवारी बघतात, पण बरेच गेटवे टक्क्यांसोबत दर व्यवहारामागे एक ठरावीक रक्कमही कापतात. समजा 2 टक्के अधिक 3 रुपये, तर 1000 च्या ऑर्डरवर 23 गेले, म्हणजे 2.3 टक्के, पण 50 च्या ऑर्डरवर 4 गेले म्हणजे सरळ 8 टक्के! त्यामुळे तुमची नेहमीची ऑर्डर केवढ्याची असते ते धरून हिशोब करा. रिफंड दिल्यावर कापलेली फी परत मिळते का तेही विचारा, बऱ्याचदा नाही मिळत.

पैसे खात्यात कधी येणार, हेही गेटवेला विचारा. माल उधारीवर घेत असाल तर हे फार महत्त्वाचं.

आणि चार्जबॅक, म्हणजे गिऱ्हाईकाने बँकेकडे तक्रार केली की पैसे तुमच्याकडून परत जाऊ शकतात, म्हणून डिलिव्हरीचा पुरावा आणि चॅट जपून ठेवाच.

सुरू करण्याआधी ओळखीच्या कुणाला तरी त्याच्या फोनवरून एक छोटं पेमेंट करायला सांगा, मग रिफंडही करून बघा.