स्वतंत्र कलाकारांसाठी: गाण्याचा डिस्ट्रिब्युटर कसा निवडावा

स्पॉटिफाय किंवा अ‍ॅपल म्युझिक कलाकाराकडून थेट गाणं घेत नाहीत. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. तो ऑडिओ, कव्हरचं चित्र आणि नावनिशी (गाण्याचं, कलाकारांचं नाव वगैरे माहिती) सगळ्या अ‍ॅप्सपर्यंत पोहोचवतो, रॉयल्टी गोळा करतो आणि आपली फी किंवा कमिशन घेतो. बहुतेक जण वर्षाची फी बघून निवड करतात. आमचा सल्ला असा, की फी भरणं थांबवल्यावर गाण्याचं काय होतं, हे सगळ्यात आधी तपासा.

डिस्ट्रोकिड आणि ट्यूनकोर वार्षिक वर्गणीवर चालतात. वर्षभर कितीही गाणी टाका, पण वर्गणी संपली की गाणी उतरू शकतात. ते टाळायला डिस्ट्रोकिडवर प्रत्येक रिलीजमागे ‘लीव्ह अ लेगसी’चे वेगळे पैसे भरावे लागतात. सीडी बेबी दर रिलीजला एकदाच फी घेतं आणि कमाईतले ९ टक्के कापतं. राउटनोटच्या फुकट योजनेत फी नाही, कमिशन १५ टक्के.

आता हिशेब करा. समजा वर्गणी वर्षाला २००० रुपये आहे आणि दुसरीकडे १५ टक्के कमिशन आहे. वर्षाची कमाई साधारण १३,३०० रुपयांच्या वर गेली तरच वर्गणी परवडते. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम्स झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. त्यामुळे पहिलं-दुसरं गाणं असेल तर कमिशनवाली सेवा बरी. दर महिन्याला नवं गाणं काढत असाल तर वर्गणी घ्या.

डिस्ट्रिब्युटर कोणकोणत्या अ‍ॅप्सवर गाणं पोहोचवतो, ती यादीही नीट वाचा. मराठी श्रोत्यासाठी जिओसावन, यूट्यूब म्युझिक आणि इन्स्टाग्राम-फेसबुकची म्युझिक लायब्ररी हवीच, कारण रीलमध्ये गाणं सापडलं नाही तर ते पसरणार कसं? रेसो आणि विंक ही दोन्ही म्युझिक अ‍ॅप्स २०२४ मध्ये बंद झाली. एखाद्या सेवेच्या यादीत ती नावं अजून असतील तर यादी जुनी आहे असं समजा आणि बाकीची नावंही पडताळून घ्या. कॉलर ट्यून हवी असेल तर लेखी विचारा, ती सोय गृहीत धरू नका.

सगळ्यात जास्त घोळ यूट्यूबच्या कंटेंट आयडीत होतो. तुमचं रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या व्हिडिओत वाजलं की ही यंत्रणा ते ओळखते आणि जाहिरातीचे पैसे तुमच्याकडे वळवते. अट एकच: रेकॉर्डिंगमधल्या प्रत्येक आवाजावर फक्त तुमचा हक्क हवा. लूप पॅकमधला (तयार ध्वनितुकड्यांच्या संचातला) ढोलकीचा ठेका किंवा अनेकांना विकला जाणारा बीट वापरून गाणं नोंदवलं, तर तोच लूप घेतलेल्या भलत्याच माणसाच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा लागतो. तक्रारी वाढल्या की डिस्ट्रिब्युटर सुविधा काढून घेतो. स्वतःचं चॅनल सवलतीच्या (म्हणजे दावा न लावण्याच्या) यादीत टाकायलाही विसरू नका, नाहीतर दावा तुमच्याच व्हिडिओवर येईल.

अभंगांच्या बाबतीत विशेष जपा. तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही, पण लोकांच्या ओठी असलेली चाल अनेकदा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते. त्याच्या निधनानंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क राहतो. तेव्हा संगीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहून सुटका होत नाही. काही परदेशी सेवा कव्हरसाठी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाण्यासाठी, परवाना काढून देतात, तो अमेरिकेच्या कायद्यापुरता असतो. भारतासाठी परवानगी वेगळी घ्यावी लागते.

करारात ‘मालकी हस्तांतरण’ आणि ‘परवाना’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिस्ट्रिब्युटरला फक्त परवाना द्या. मुदत किती, ती आपोआप वाढते का, सोडायचं तर किती दिवस आधी कळवायचं, हे शोधा. भारतीय कायद्यानुसार हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

आणखी एक गैरसमज: डिस्ट्रिब्युटर जमा करतो ती रेकॉर्डिंगची रॉयल्टी. गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळणारी रॉयल्टी वेगळी, तिच्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं लागतं. तिथे सदस्य असाल तर डिस्ट्रिब्युटरची ‘पब्लिशिंग’ (हीच गीत-संगीताची रॉयल्टी गोळा करणारी) योजना घेण्याआधी थांबा, तेच हक्क दोनदा दिले जाऊ शकतात. अमेरिकी सेवा घेतलीत तर डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकेचा करविषयक फॉर्म पॅन क्रमांकासह भरा. त्याने अमेरिकेतल्या रॉयल्टीवरची करकपात ३० ऐवजी १५ टक्के होते.

फॉर्म भरताना भाषा ‘मराठी’च निवडा, नाहीतर गाणं हिंदीत जाऊन पडतं. एका शीर्षकात देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या मिसळू नका. नावाचं स्पेलिंग प्रत्येक रिलीजला अक्षरशः तेच ठेवा. एक अक्षर बदललं तरी दुसरंच प्रोफाइल तयार होतं. ऑडिओ ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाग्रामचं हँडल नको.

अपलोड रिलीजच्या चार आठवडे आधी करा, गणपतीचं गाणं असेल तर त्याहूनही आधी. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट संपादकांकडे गाणं किमान सात दिवस आधी पाठवावं, आणि एकदा रिलीज झालेलं गाणं ते घेत नाहीत. विकतच्या स्ट्रीम्सच्या वाटेला जाऊ नका. बनावट स्ट्रीम्ससाठी स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं आणि तो तुमच्या खात्यातून वसूल होऊ शकतो.

सेवा बदलायची वेळ आली तर प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक आधी उतरवून ठेवा. नव्या ठिकाणी तोच क्रमांक, तीच फाइल, तीच नावनिशी आणि मूळ रिलीजची तारीख द्या. गाणं नव्या बाजूने सगळीकडे दिसू लागलं की मगच जुनं उतरवा, म्हणजे स्ट्रीम्सचा आकडा टिकतो. अ‍ॅप्सचे अहवाल दोन-तीन महिने मागे चालतात, म्हणून जुनं खातं लगेच बंद करू नका. शेवटचा अहवाल येऊ द्या आणि पैसे काढण्याच्या किमान मर्यादेखाली अडकलेली शिल्लक कशी काढता येईल ते आधीच विचारून घ्या.