क्रोशाचा पहिला चौकोन: ग्रॅनी स्क्वेअर कसा विणावा

क्रोशा शिकायला बसलं की बहुतेकांना आधी मफलर विणायला सांगतात. सरळ विणत जायचं, उलटायचं, परत विणत यायचं. ऐकायला सोपं, पण वीस टाक्यांचे सतरा कधी झाले ते कळत नाही आणि मफलर वर वर निमुळता होत जातो. माझा पहिला मफलर शेवटी टायसारखा दिसत होता. म्हणून आता कुणी विचारलं की मी सांगते, मफलर राहू द्या, ग्रॅनी स्क्वेअर घ्या, म्हणजे मधल्या गोलापासून फेरी-फेरीने बाहेर वाढत जाणारा चौकोन. इथे प्रत्येक टाक्याचं डोकं शोधत बसावं लागत नाही, मागच्या फेरीत राहिलेल्या ऐसपैस भोकात सुई घालायची असते. चुकलं तर लगेच दिसतं आणि उसवून दहा मिनिटांत परत होतं.

नावातली आजी परदेशी आहे. या चौकोनाचा सर्वांत जुना ज्ञात छापील नमुना 1885 साली 'प्रेअरी फार्मर' या अमेरिकेतल्या शेतीविषयक साप्ताहिकात आला होता. हिशेब मात्र आपल्या गोधडीचाच: उरलेसुरले तुकडे जमवायचे आणि पांघरूण करायचं.

सामान

आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. शिकायला तीच बरी, स्वस्त पडते आणि चारदा उसवली तरी तक्रार करत नाही. रंग फिका घ्या. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीत संध्याकाळच्या उजेडात टाका दिसतच नाही. केसाळ, फुलवलेली लोकर तर अजिबात नको, ती उसवताना गुंतते.

मध्यम जाडीच्या लोकरीला 4 मिमीची सुई, बारीक बेबी लोकरीला 3 किंवा 3.5 मिमीची. घरात आईची जुनी स्टीलची क्रोशाची सुई सापडली तर ती बाजूला ठेवा, ती दोऱ्याच्या रुमालांसाठी असते आणि लोकर तिच्या टोकात मावत नाही. याशिवाय कात्री आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई लागेल.

आधी तीन टाके

सरकती गाठ घालून सुई तिच्यात अडकवा. सुईवर लोकर घ्या आणि फासातून ओढून काढा, झाली एक साखळी. आधी नुसत्या साखळ्याच वीतभर विणा. लोकर डाव्या तर्जनीवरून घेऊन करंगळीला एक वेढा दिला की ताण आपोआप राहतो. पहिल्या दिवशी सगळ्यांचाच हात घट्ट असतो. सुई फासात सहज मागेपुढे सरकली पाहिजे. सरकत नसेल तर खांदे सैल सोडा, बोटं त्यामागून सुटतात.

खांब हा या चौकोनाचा मुख्य टाका. सुईवर लोकरीचा एक वेढा घ्या, सुई भोकात घाला, लोकर ओढून बाहेर काढा. आता सुईवर तीन फास दिसतील. लोकर घेऊन पहिल्या दोन फासांतून काढा, पुन्हा लोकर घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. खांब उभा राहिला.

तिसरा स्लिप स्टिच: सुई टाक्यात घाला, लोकर घ्या आणि सुईवरच्या सगळ्यातून एकदम ओढून काढा. याला उंची नसते, हा फक्त जोडायला आणि सरकायला.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना एक इशारा. आपला खांब अमेरिकन नमुन्यात 'डबल क्रोशे' असतो आणि ब्रिटिश नमुन्यात 'ट्रेबल'. ब्रिटिश 'डबल क्रोशे' हा वेगळाच, बुटका टाका आहे. चौकोन सांगितल्यापेक्षा फारच आखूड झाला तर आधी हे तपासा.

पहिली फेरी

चार साखळ्या घाला आणि पहिल्या साखळीत स्लिप स्टिच करून गोल जोडा. आता तीन साखळ्या वर चढवा. या तीन साखळ्या म्हणजे तुमचा पहिला खांब, हे डोक्यात पक्कं बसवा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. आणखी दोन खांब गोलाच्या मधल्या भोकात घाला. साखळ्यांमध्ये नाही, भोकात. तीन खांबांचा एक झुपका झाला.

दोन साखळ्या, तीन खांब. दोन साखळ्या, तीन खांब. दोन साखळ्या, तीन खांब. शेवटी पुन्हा दोन साखळ्या आणि सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच.

हातातली वस्तू या क्षणी चौकोन दिसत नाही, चार पाकळ्यांचं फूल दिसतं. घाबरू नका. पाकळ्यांमधल्या ज्या चार खिडक्या आहेत ते तुमचे चार कोपरे. लोकरीचं सुरुवातीचं टोक पहिल्या खांबांबरोबर आतच विणून घेतलं असेल तर ते आता हळूच ओढा, मधलं भोक थोडं आवळतं आणि फूल बसतं.

दुसरी फेरी: सगळी गंमत कोपऱ्यात

तुम्ही आता झुपक्याच्या डोक्यावर आहात आणि जायचं आहे कोपऱ्याच्या खिडकीत. पुढच्या दोन खांबांवर एकेक स्लिप स्टिच करत सरका आणि तिसरा थेट खिडकीत घाला. तीन साखळ्या चढवा, त्याच खिडकीत दोन खांब, मग दोन साखळ्या, मग पुन्हा त्याच खिडकीत तीन खांब. एकाच भोकात दोन झुपके आणि मधे दोन साखळ्या, हा कोपरा. एक साखळी घालून पुढच्या खिडकीत जा, तिथेही तेच. चार कोपरे झाले की एक साखळी घालून तिसऱ्या साखळीत जोडा. झुपके आठ भरले पाहिजेत.

तिसरी फेरी आणि पुढे

कोपरा तसाच. दोन कोपऱ्यांच्या मधे जी एका साखळीची फट आहे तिच्यात फक्त एक झुपका, आजूबाजूला एकेक साखळी. या फेरीत झुपके बारा, चौथीत सोळा. फेरीचा आकडा गुणिले चार, हिशेब कधी चुकत नाही. कोपऱ्यात दोन झुपके, बाजूच्या फटीत एक, एवढ्यावर हवी तेवढी मोठी चादर विणता येते.

फेरी जोडण्याआधी बोटाने चार कोपरे मोजा. एक राहिला की चौकोनाचा समोसा होतो.

रंग बदलताना

फेरी जोडून लोकर बोटभर सोडून कापा आणि टोक शेवटच्या फासातून ओढून घ्या. नवा रंग कुठल्याही कोपऱ्याच्या खिडकीत स्लिप स्टिचने जोडा आणि तिथूनच तीन साखळ्या चढवा, सरकत जाण्याची गरजच उरत नाही. दर वेळी वेगळा कोपरा निवडा, नाहीतर सगळ्या गाठी एका जागी येऊन तिथे गुठळी जाणवते. टोकं त्याच दिवशी बोथट सुईने झुपक्यांच्या पायथ्यातून पुढेमागे ओवून टाका. 'नंतर करू' म्हणून मी एकदा चाळीस चौकोनांची टोकं साठवली होती. तीन रविवार गेले.

काय बिघडतं

चौकोन वाटीसारखा आत वळत असेल तर हात घट्ट आहे, अर्धा मिमी मोठी सुई घेऊन बघा. कडेला झालर पडत असेल तर उलट: बाजूची एक साखळी गाळून झुपके सरळ एकमेकांना लागून विणा. पाच-सहा फेऱ्यांनंतर चौकोन एका बाजूला पिळल्यासारखा दिसला तर तो तुमचा दोष नाही. टाके कायम एकाच दिशेने कलतात, त्याचा परिणाम. दर फेरीनंतर काम उलटून दुसऱ्या बाजूने विणलं की सरळ राहतो.

तयार चौकोन सपाट करायला त्याच्यावर इस्त्री फिरवू नका. मी फिरवली आहे. तळहाताएवढा चौकोन क्षणात चपटा, चकचकीत आणि लुळा झाला. तापलेली अ‍ॅक्रिलिक पुन्हा फुलत नाही. जाड घडी केलेल्या चादरीवर चौकोन ठेवा, चारी कोपरे ताणून न गंजणाऱ्या टाचण्या लावा, पाण्याचा फवारा मारा आणि वाळू द्या. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागतात.

किती लागतील, कसे जोडायचे

4 मिमीच्या सुईने चार फेऱ्यांचा चौकोन साधारण 10-11 सेंमी भरतो. 10 धरला तर 40 सेंमीच्या उशीच्या एका बाजूला 16, बाळाच्या 90 सेंमीच्या दुपट्याला 81. लोकर किती आणायची ते दुकानदाराला विचारू नका, पहिला चौकोन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि गुणाकार करा. वर दहावा हिस्सा जोडणीसाठी, आणि सगळी लोकर एकदम आणा, पुढच्या खेपेला तीच छटा मिळेलच असं नाही.

जोडायला दोन चौकोन सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा आणि बोथट सुईने कडेच्या टाक्यांचे फक्त बाहेरचे धागे घेत ओवत जा. आधी सगळ्या आडव्या ओळी, मग सगळ्या उभ्या.

81 चौकोनांचा धीर नसेल तर तोरण करा. रुखवतात मांडायला आणि नंतर दारावर, दोन्हीला चालतं. चौकोन कोपऱ्याने टांगला की त्याची रुंदी 14 सेंमी होते, त्यामुळे तीन फुटांच्या दाराला सहाच पुरतात. वरच्या कोपऱ्यातून साखळ्यांची एक लांब दोरी ओवत न्या, दोन चौकोनांमधे बोटाच्या जाडीएवढी जागा सोडा आणि खालच्या टोकाला एकेक गोंडा बांधा. दोरी दाराच्या रुंदीपेक्षा वीतभर लांबच ठेवा, दोन्ही बाजूंना खिळ्याला बांधायला लागते.