माणूस गेल्यावर कर्ज कोणाचं? या चुका टाळा

तेराव्याच्या आत कशावरही सही करू नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं घरातल्या थोरल्याला ऐकवा.

मी वसुली खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे दारात येणारा माणूस काय हिशेबाने येतो ते ठाऊक आहे. त्याला कायदाही माहीत असतो. मयताचं देणं मयताच्या मालमत्तेतून फिटतं, आणि वारसाच्या हाती जेवढं आलं तेवढ्यापुरताच तो बांधील असतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५०). वडील सहा लाखांचं देणं आणि दोन लाखांची मालमत्ता ठेवून गेले, तर वसुली दोन लाखांपर्यंतच. मुलाचा पगार, सुनेचे दागिने, त्याने स्वतःच्या कमाईचं घेतलेलं घर यांना हात लागत नाही. ‘बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर’ हे जुन्या हिंदू कायद्यातलं कर्तव्य. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्यानेच वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती केली होती. ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जासाठी तर नुसत्या त्या कर्तव्याच्या जोरावर मुलावर दावाच चालत नाही.

मग लोक अडकतात कुठे? ‘नवं-जुनं’ करण्यात, म्हणजे थकलेलं जुनं कर्ज नव्या कर्जात बदलण्यात.

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर. वडिलांचे दोन जुने यंत्रमाग, शेड भाड्याची, आणि एका पतसंस्थेचं विनातारण कर्ज थकलेलं. मुलगा दुसऱ्याच्या टॉवेल कारखान्यात कामाला. दहाव्यालाच संस्थेची माणसं आली, फार मायेने बोलली. ‘व्याज वाढतंय की ओ, नवं-जुनं करून टाकू, हप्ता छोटा बसवतो.’ पोराने कर्जदार म्हणून सही केली, आई जामीनदार. दंडव्याज मुद्दलात मिसळून नवं कर्ज उभं राहिलं, आणि ते आता बापाचं नव्हतं, त्याचं होतं. सही केली नसती तर संस्थेला भंगाराच्या भावाचे दोन माग मिळाले असते. पुढे सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला, पगारावर जप्ती आली, तेव्हा तो माझ्याकडे कागद घेऊन आला. सहीच्या आधी आला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण आपल्याकडे सल्ला विचारायचा तो सही करून झाल्यावरच.

‘पाचशे तरी भरा, साहेबांना दाखवायला’ हाही त्याच जातीचा डाव. हातउसन्यासारख्या देण्याला दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. मुदतीच्या आत भरणा करून लेखी नोंद दिली की ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

माझी सवय अशी: मयताने ज्याचं देणं ठेवलं त्या प्रत्येकाला एक पानी पत्र. मृत्यू दाखल्याची प्रत जोडायची, खातेउतारा, कर्जाची कागदपत्रं आणि कर्जावर विमा होता का ते लेखी मागायचं. ‘हे पत्र म्हणजे कर्जाची कबुली नव्हे’ हे वाक्य टाकायचं आणि आवक शिक्क्याची पोच घ्यायची. फोनवरचं बोलणं मी धरतच नाही.

‘कर्जदारच गेला, आता मी सुटलो’ असं समजणारे जामीनदार दर महिन्याला भेटतात. उलट आहे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि सहकर्जदार तर स्वतःच कर्जदार. कारखान्यात ‘मी तुला, तू मला’ करून जामीन राहणाऱ्यांनी हे आधी बघावं. भरल्यावर मयताच्या मालमत्तेतून पैसे मागण्याचा हक्क त्यांना आहे, मालमत्ता असली तर.

वाटणीची घाई नको. देणी बाकी असताना भावाभावांनी ठेवी मोडून वाटून घेतल्या आणि हिशेब दाखवता आला नाही, तर कोर्ट तेवढ्या रकमेसाठी तुमच्या खिशाला हात घालू शकतं. दवाखाना, अंत्यविधी, सगळ्याच्या पावत्या एका वहीत ठेवा. मयताचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. पिन माहीत असणं म्हणजे हक्क नव्हे.

बँक ठेवीचा नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस. मालकी वारसांची, आणि ज्याचं देणं थकलं आहे तो त्या पैशावर दावा सांगू शकतो.

पीएफचं मात्र वेगळं. विडी वळून आईने साठवलेला पीएफ तिच्या कर्जापोटी जप्त होत नाही, नॉमिनीकडे मोकळा येतो. तो नेऊन पतसंस्थेत भरणारी पोरं मी पाहिली आहेत. स्वखुशीने भरायचं असेल तर जरूर भरा, पण ‘भरावंच लागतं’ म्हणून नको.

पासबुकात वर्षातून एकदा ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसतात का बघा. पहिला जीवनज्योती विमा, दुसरा सुरक्षा विमा, म्हणजे अपघाताचा. दोन्हींत मृत्यूला दोन लाख मिळतात. खातं बंद करायच्या आधी दावा लावा.

तारण सोनं किंवा बोजा चढलेली जमीन असेल तर ‘मी वारस, मी बांधील नाही’ हे चालत नाही. कर्ज फेडाल तर वस्तू सुटेल. लिलावाची नोटीस आली की दुर्लक्ष करू नका.

आणि सावकार दारात आला तर आधी परवाना मागा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराला कोर्टातून हुकूमनामा मिळत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे, लेखी. पोच घ्यायला विसरू नका.