जुन्या पिकअपला पुढून हिच बसवताना

हर्णे किंवा मालवणकडचं गिऱ्हाईक 'पुढच्या बंपरला गोळा लावून द्या' म्हणालं, म्हणजे होडीची ट्रॉली अडकवायची हिच पुढून मागितली, की गॅरेजात नव्याने लागलेला मुलगा गोंधळतो. गिऱ्हाईक असं मागतं त्याचं कारण साधं आहे. ट्रॉली मागे जोडून रॅम्पवर (होडी पाण्यात सोडायच्या उतारावर) रिव्हर्स घेतली की मागची चाकं शेवाळावर उतरतात, आणि बहुतेक पिकअपना जोर मागच्याच चाकांचा. तीच ट्रॉली पुढे जोडून ढकलली तर ही चाकं वर कोरड्यात राहतात, होडीही डोळ्यांसमोर असते. फक्त रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका, उतारावर आणखी हलका. म्हणून हौद्यात मागच्या अॅक्सलवर वाळूच्या चार-पाच गोणी टाकायला सांगा. रस्त्यावर ट्रॉली ओढायची ती मागच्याच हिचने.

अर्धा दिवस नुसती चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) बघण्यात गेला तरी बिघडत नाही. बंपर उतरवा, चासीची पुढची दोन्ही टोकं वायर ब्रशने उघडी करा आणि बोटभर अंतरावर हातोडी मारत जा. खणखणीत वाजलं तर पत्रा शाबूत. बद्द वाजलं किंवा पापुद्रे सुटले तर तिथे ड्रिल लावायचा नाही. खाऱ्या हवेत बॉक्स चासी आतून सडते, बाहेरचा काळा रंग मात्र तसाच टिकलेला असतो. ओल खालच्या कडेला साचते, म्हणून ठोके तिथे जास्त. सडकी निघाली तर काम नाकारा. गंजावर पट्टी वेल्ड केली तर वेल्डला धरायला लोखंडच उरलेलं नसतं.

दोन्ही बाजूंना ८ मिमीच्या प्लेट, मधे ७५×७५×५ चा आडवा बॉक्स (चौकोनी पाइप), त्यावर रिसीव्हर, म्हणजे गोळ्याचा दांडा आत सरकतो ती खोबण, म्हणून ६०×६०×४ चा तुकडा. यात आतून ५२ मिमी जागा मिळते, पण पाइपच्या आतली वेल्डची रेघ ५० मिमीचा शँक (गोळ्याचा दांडा) अडवते. ती आधी कानशीने घासा, नंतर हात पोचत नाही. शँक अडकवायची पिन १६ मिमीची.

प्रत्येक बाजूला निदान चार एम-१२ बोल्ट, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा असलेलेच. 'गंजत नाहीत' म्हणून गिऱ्हाईक स्टेनलेस मागतं. बाजारात मिळणारे साधे स्टेनलेस बोल्ट ताकदीला कमी पडतात. जुन्या टो-हुकची (गाडी ओढायच्या हुकाची) भोकं असतील तर तीच वापरा. नवीन पाडायची तर चासीच्या उभ्या बाजूत, वरच्या-खालच्या पट्टीत कधीच नाही. ड्रिल आधी ५, मग ८, मग १३ मिमी. गॅसने पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं आणि ढकलाढकलीत लांबत जातं. बंद बॉक्समधून बोल्ट आरपार घालायचा तर आत चासीच्या रुंदीइतका पाइपचा स्पेसर (आधाराचा तुकडा) हवाच, नाहीतर आवळताना पत्रा आत दबतो आणि पाना कितीही फिरवला तरी बोल्ट ढिलाच. टॉर्क (आवळायचा जोर) साधारण ८० न्यूटन-मीटर.

गाडीवर फक्त टाके मारायचे, तेही बॅटरीची निगेटिव्ह काढून. पूर्ण वेल्डिंग टेबलावर, थोडं डावीकडे थोडं उजवीकडे. एका दमात एकच बाजू भरली तर आडवा बॉक्स ओढला जातो आणि सकाळी जुळलेली भोकं संध्याकाळी जुळत नाहीत.

गोळ्यात हमखास फसगत होते. ५० मिमी आणि २ इंच (५०.८ मिमी) दिसायला एकच. दोन इंची कपलरमध्ये (ट्रॉलीचं गोळ्यावर बसणारं तोंड) ५० चा गोळा बसतो, पण सैल. रॅम्पच्या कडेवर ट्रॉलीने मान वर केली की निसटू शकतो. कपलरवर कोरलेलं माप वाचूनच गोळा घ्या.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाड्यांच्या बंपरपुढे लावलेल्या क्रॅश गार्डवर बंदीचे आदेश दिले. पुढे आलेलं लोखंड पादचाऱ्याला घातक ठरतं. म्हणून रिसीव्हर बंपरच्या आत ठेवा, शँक रस्त्यावर काढून हौद्यात. नंबर प्लेट झाकू नये, रेडिएटरची हवा अडू नये.

भोकांच्या कडांना आणि वेल्डला झिंक प्रायमर, वर रंग. पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा. पिनेला ग्रीस. धक्क्यावरून परतल्यावर गोड्या पाण्याने धुताना पाण्याचा पाइप रिसीव्हरच्या आतही धरायचा.